राहून गेलेल्या चुका

1966 च्या डिसेंबरात पेटन राऊस नोबेल पारितोषिक घ्यायला स्टॉकहोमला गेले तेव्हा ते 87 वर्षांचे होते. कोंबडीच्या गाठीचा रस एकही पेशी उरणार नाही इतक्या बारीक गाळणीतून काढला आणि दुसऱ्या कोंबडीला टोचला, तरी तिलाही तशीच गाठ येते, हे त्यांनी 1911 मध्ये दाखवले होते. मान मिळायला मध्ये 55 वर्षे जावी लागली. इतकी वाट पाहिलेल्या माणसाने त्या दिवशी जुन्या कामाची उजळणी करून समाधान मानले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. राऊस मात्र भाषणात एका प्रतिस्पर्धी कल्पनेवर घसरले. शरीरातल्या एखाद्या पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात कायमचा बदल होतो, म्हणजे उत्परिवर्तन होते, आणि त्यातून कर्करोग उद्भवतो, ही ती कल्पना. तिला पुरावा नाही, उलट ती मानणाऱ्यांना तिने गुंगी आणली आहे, असा त्यांचा सूर होता. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. 1966 साली हाताशी असलेला पुरावा तपासला तर राऊस यांचा आक्षेप वाजवी होता, असेच म्हणावे लागते. पुढे दोनच वर्षांत तो लंगडा पडू लागला, आणि त्याला धक्का देणारा पुरावा डीएनएला इजा करणाऱ्या द्रव्यांच्या अभ्यासातून आला नाही. ज्यांच्या पेशींना झालेली इजा दुरुस्त करता येत नाही, अशा मोजक्या रुग्णांकडून तो आला. कर्करोगाची गोष्ट सांगताना आपण धूर, डांबर, किरण आणि तंबाखू यांच्यावर बोट ठेवतो. ते दोषी आहेतच. पण त्यांचा दोष शाबीत झाला तो दुरुस्तीच्या अभ्यासामुळे, असे माझे म्हणणे आहे.

राऊस ज्या कल्पनेवर चिडले होते तिचा जनक थिओडोर बोव्हेरी हा कर्करोगाचा अभ्यासक नव्हताच. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठातला हा प्राणिशास्त्रज्ञ सी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यांवर काम करत असे. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर ते पहिल्याच फटक्यात दोनाऐवजी चार पेशींत विभागते आणि गुणसूत्रांची वाटणी वाटेल तशी होते. त्या चार पेशींपासून वाढणारे भाग बिघडतात, पण प्रत्येक भाग वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. यावरून बोव्हेरी यांनी ताडले की प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे असले पाहिजे. तिथून ते आणखी एक पाऊल पुढे गेले. गुणसूत्रांचा संच बिघडलेली एखादी पेशी मेली नाही, उलट बेबंद वाढू लागली, तर? 1914 मध्ये त्यांनी छोटेखानी पुस्तक लिहून मांडले की प्रत्येक घातक गाठ अशा एकाच बिघडलेल्या पेशीची संतती असते, आणि तो बिघाड तिच्या सगळ्या लेकी पेशींकडे जातो. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या अमेरिकन पत्नी मार्सेला यांनी 1929 मध्ये पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, तरीही कर्करोगतज्ज्ञांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. त्यालाही कारण होते. बोव्हेरी यांनी एकाही गाठीवर प्रयोग केला नव्हता. तर्क अफाट होता, पण तो तपासायचा कसा, हे त्या काळात कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या बाजूला कारणांची यादी वाढत होती. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर सातच वर्षांत, 1902 मध्ये, ती यंत्रे हाताळणाऱ्याच्या हातावर कर्करोग नोंदला गेला. टोकियोत यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने कोळशाचे डांबर चोपडून 1915 मध्ये हाताने कर्करोग घडवून दाखवला. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले, आणि तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तंबाखू खाण्याची, विडी ओढण्याची सवय तपासली. संघवी, राव आणि खानोलकर यांचा त्यावरचा निबंध 1955 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तंबाखूची चिमूट गालात जिथे धरायची तिथेच गाठ, हे या भागातल्या डॉक्टरांना रोज दिसत होते. पण चिमूट आणि गाठ यांच्या मधल्या दहा-वीस वर्षांत पेशीच्या आत काय घडते, हे अशा पाहणीतून कळणे शक्य नव्हते.

त्या मधल्या काळाचे उत्तर उत्परिवर्तन हेच असावे, अशी शंका घ्यायला जागा होती. हर्मन मलर यांनी 1927 मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने घडवली. हिटलरच्या जर्मनीतून पळून एडिंबरोला आलेल्या शार्लोट आउअरबाख यांनी युद्धाच्या काळात मस्टर्ड वायूनेही तेच साधले. लष्करी गुप्ततेमुळे त्यांचा निष्कर्ष 1946 मध्ये छापला गेला. म्हणजे कर्करोग घडवणारे काही घटक उत्परिवर्तनेही घडवत होते. पण इथेच गाडी अडली. डांबरातली सर्वांत जहाल द्रव्ये जिवाणूंवर टाकली तर काहीच होत नसे, आणि उत्परिवर्तन घडवणारी कित्येक रसायने कर्करोग देतात असे दिसत नसे. याचा उलगडा विस्कॉन्सिनमधल्या जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने हळूहळू केला. ही द्रव्ये मुळात निरुपद्रवी असतात. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी त्यांच्यात रासायनिक फेरफार करते, आणि त्या खटाटोपात ती डीएनएला जाऊन चिकटणारी बनतात. जिवाणूत ती यंत्रणाच नव्हती. 1964 मध्ये लंडनच्या ब्रूक्स आणि लॉली यांनी उंदरांच्या कातडीवर वेगवेगळे हायड्रोकार्बन लावून दाखवले की जे डीएनएला जास्त चिकटते ते जास्त कर्करोग घडवते. हे बळकट होते, पण तरी सहसंबंधच. चिकटणे आणि गाठ होणे या दोन्ही गोष्टी एखाद्या तिसऱ्याच कारणाचे परिणाम असू शकतात, असे राऊस म्हणू शकले असते. मधली कडी कोणीतरी तोडून दाखवायला हवी होती, आणि माणसावर असा प्रयोग करता येत नाही.

तो प्रयोग निसर्गाने आधीच केलेला होता. तो वाचायला मात्र पेशी आपले डीएनए दुरुस्त करतात हे आधी माहीत व्हावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांच्या डोक्यात ही गोष्टच नव्हती. आनुवंशिक द्रव्य म्हणजे अत्यंत टिकाऊ, जपून ठेवलेली वस्तू, अशी समजूत होती. 1949 मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे अल्बर्ट केल्नर बुरशीसारख्या वाढणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूच्या बीजाणूंवर अतिनील किरण सोडून किती जगतात ते मोजत होते, आणि आकडे काही केल्या जुळेनात. एकदा जवळजवळ सगळे मरत, दुसऱ्यांदा तेवढ्याच किरणांत असंख्य वाचत. तापमानाचा फरक असेल म्हणून त्यांनी तापमान बदलून पाहिले. शेवटी लक्षात आले की वाचलेले बीजाणू खिडकीच्या उजेडात राहिलेले होते. साधा दिसणारा प्रकाश अतिनील किरणांची इजा परतवत होता. पुढे त्याचे कारण सापडले: अतिनील किरणांनी डीएनएच्या पट्टीतली थायमिन नावाची शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना जखडली जातात, आणि एक एन्झाइम प्रकाशाची ऊर्जा वापरून ती गाठ सोडवते. तुर्कस्तानातला एक तरुण डॉक्टर, अझीझ सांजार, पुढे या एन्झाइमचा पाठपुरावा करायला अमेरिकेत आला आणि 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल घेऊन गेला. माणसात हे एन्झाइम नाही. पण अंधारातही चालणारी दुसरी दुरुस्ती आहे. 1964 मध्ये सेटलो आणि कॅरियर, बॉइस आणि हॉवर्ड-फ्लँडर्स, पेटिजॉन आणि हॅनावॉल्ट अशा तीन जोड्यांनी जवळजवळ एकाच वेळी जिवाणूत ती पकडली. बिघडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी कापायचा, काढून टाकायचा आणि समोरच्या शाबूत पट्टीवरून तेवढी जागा नव्याने भरायची. डीएनएला दोन पट्ट्या असण्याचा हा फायदा वॉटसन आणि क्रिक यांनाही 1953 मध्ये सुचला नव्हता.

सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट पेंटर माणसाच्या पेशींतही अशी भरणी होते का, ते शोधत होते. त्यांची पद्धत डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. पेशी काचेवर वाढवायच्या, त्यांच्यावर अतिनील किरण सोडायचे आणि मग किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, त्यांना खायला द्यायचे. पेशी विभाजनाच्या तयारीत असेल तर ती सगळे डीएनए दुप्पट करते आणि भरपूर थायमिडीन ओढते. विभाजनाच्या बेतात नसेल तर तिने ते घेण्याचे काही कारण नाही. मग काचेवर फोटोच्या फिल्मवर असतो तसा लेप देऊन ती काळोखात ठेवायची. ज्या केंद्रकात किरणोत्सारी थायमिडीन शिरले, त्याच्यावर लेपात काळे कण उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दुप्पट होत असलेल्या पेशींची केंद्रके काळीकुट्ट दिसत. पण बाकीच्या केंद्रकांवरही कणांचा विरळ शिडकावा दिसे. 1964 मध्ये रासमुसेन आणि पेंटर यांनी हा शिडकावा म्हणजे दुरुस्तीच्या जागी भरलेले थायमिडीन आहे, असा अर्थ लावला. त्याच प्रयोगशाळेत जेम्स क्लीव्हर नावाचा तरुण इंग्रज संशोधक दाखल झाला. दुरुस्ती न जमणाऱ्या माणसाच्या पेशी त्याला हव्या होत्या. जिवाणूंत असे दुबळे वाण सापडले होते, माणसात कुठून आणायचे? वर्तमानपत्रात त्याने झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराबद्दल वाचले आणि विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडून अशा रुग्णांच्या कातडीचे नमुने मिळवले.

हा आजार 1870 च्या दशकात व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी यांनी नोंदवला होता. बाळ उन्हात नेले की कातडी भाजल्यासारखी होते, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तोंडावर आणि हातांवर गडद ठिपके येतात, कातडी कागदासारखी कोरडी पडते, आणि त्वचेचा पहिला कर्करोग साधारण आठ-नऊ वर्षांच्या वयात होतो. इतरांना असा कर्करोग झालाच तर साठीनंतर. अमेरिकेतल्या रुग्णांच्या दीर्घ पाहणीत वीस वर्षांखालच्या रुग्णांना त्वचेचे नेहमीचे कर्करोग होण्याचा धोका सामान्य माणसाच्या दहा हजार पट निघाला. कापोसी यांच्यापासून जवळजवळ शंभर वर्षे डॉक्टरांनी या मुलांना सावलीत ठेवण्यापलीकडे काही केले नव्हते, आणि सूर्यच त्यांच्या वाईटावर का, हे कोणाला सांगता येत नव्हते. क्लीव्हर यांनी त्यांच्या पेशींवर पेंटर यांचीच पद्धत वापरली. दुप्पट होणाऱ्या पेशी नेहमीसारख्या काळ्याकुट्ट दिसल्या. बाकीची केंद्रके जवळपास कोरी होती. शिडकावा गायब होता. 1968 मध्ये नेचरमध्ये हा निष्कर्ष आला. पुढच्याच वर्षी सेटलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या पेशींत अतिनील किरणांनी जखडलेले थायमिन तसेच पडून राहतात, कारण कापण्याची पहिली पायरीच घडत नाही. राऊस यांच्या भाषणाला तेव्हा तीनही वर्षे पुरी झाली नव्हती.

या निष्कर्षाचे वजन कशात आहे, ते नीट पाहिले पाहिजे. या मुलांवर सूर्य इतरांपेक्षा जास्त तळपत नव्हता. इजा तेवढीच होती. फरक होता तो इजा तशीच राहण्यात. आणि तेवढ्या एका फरकाने कर्करोग पन्नास वर्षे अलीकडे आला. डांबर चोपडण्याच्या प्रयोगात डांबर आणखी काय काय करते, याबद्दल शंका उरते: सूज आणते, पेशी मारते, विभाजनाला चिथावते. इथे बाकी सगळे समान होते, डीएनएची दुरुस्ती तेवढी वेगळी. एकाच कुटुंबातला योगायोग म्हणावा, तर तेही जमेना. 1972 मध्ये रॉटरडॅमच्या बूट्स्मा यांच्या गटाने निरनिराळ्या रुग्णांच्या पेशी एकमेकींत मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत दुरुस्ती परत सुरू झाली. म्हणजे एका रुग्णात जे जनुक बिघडले होते ते दुसऱ्यात शाबूत होते. अशा वर्गवारीतून शेवटी सात वेगवेगळी जनुके निघाली. सात ठिकाणी वेगवेगळे बिघाड, पण सगळे एकाच दुरुस्तीच्या साखळीत आणि सगळ्यांचा परिणाम एकच.

तरी इथे दोन अडचणी उभ्या राहिल्या, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग त्याच आहेत. पहिली अडचण: 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काही रुग्ण असे सापडले की आजार हुबेहूब तोच, कर्करोगही तसेच, पण पेशींतली दुरुस्ती अगदी व्यवस्थित. सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा शिडकावा जसाच्या तसा. त्यांना व्हेरिएंट म्हणजे निराळा प्रकार असे नाव देऊन बाजूला ठेवण्यात आले, पण सिद्धान्ताला लागलेले ते गालबोटच होते. दुसरी अडचण नेमकी उलटी होती. लंडनच्या एडवर्ड कॉकेन यांनी 1936 मध्ये एक आजार नोंदवला होता: मूल वाढत नाही, लहानपणीच म्हातारे दिसू लागते, ऊन सोसत नाही. या मुलांच्या पेशीही अतिनील किरणांनी पटापट मरतात आणि त्यांच्यातही दुरुस्तीचा बिघाड निघाला. पण त्यांना त्वचेचा कर्करोग होत नाही. म्हणजे एकीकडे दुरुस्ती ठीक असून कर्करोग, दुसरीकडे दुरुस्ती बिघडूनही कर्करोग नाही. ज्याला हा सिद्धान्त मोडायचा असेल त्याला याहून चांगले हत्यार मिळाले नसते.

उत्तर यायला पंचवीसेक वर्षे लागली आणि त्या उत्तराने सिद्धान्त अधिक धारदार झाला. ॲलन लेहमन यांना 1975 मध्ये इंग्लंडमध्ये दिसले की व्हेरिएंट पेशींची अडचण दुरुस्तीत नाही, नंतर आहे: दुरुस्त व्हायच्या राहिलेल्या जागेवरून डीएनएची नक्कल पुढे नेताना त्या अडखळतात. दुसऱ्याच वर्षी व्हेरॉनिका माहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अतिनील किरणांनंतर या पेशी मरत नाहीत फारशा, पण त्यांच्यात उत्परिवर्तने मात्र सामान्य पेशींपेक्षा पुष्कळ जास्त होतात. 1999 मध्ये जपानमध्ये हानाओका यांच्या गटाला त्यांच्यात नसलेले एन्झाइम सापडले. जखडलेल्या दोन थायमिनांसमोर नक्कल करताना हे एन्झाइम दोन ॲडेनिन बसवते, म्हणजे नेमके योग्य तेच. ते नसले की दुसरे कोणते तरी एन्झाइम तिथे काहीतरी बसवून वेळ मारून नेते, आणि चूक कायमची होते. कॉकेनच्या आजाराचा उलगडा हॅनावॉल्ट यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेतून सुरू झाला. 1980 च्या दशकात तिथे कळले की पेशी सगळे डीएनए सारख्या घाईने दुरुस्त करत नाही. ज्या जनुकाचे वाचन चालू आहे त्याची दुरुस्ती आधी होते. कॉकेनच्या रुग्णांत ही तातडीची शाखा बिघडलेली असते, बाकीच्या डीएनएची सावकाश दुरुस्ती चालू असते. वाचन अडकलेली पेशी मरते. मेलेल्या पेशीची गाठ होत नाही. झेरोडर्माच्या एका गटात बरोबर उलटे असते: तातडीची शाखा शाबूत, म्हणून पेशी जगते, बाकीच्या डीएनएची दुरुस्ती बंद, म्हणून चुका साचत जातात. दोन्ही अपवाद शेजारी ठेवले की निष्कर्ष टाळता येत नाही. कर्करोगाला लागते ती इजा झालेली, पण न मेलेली पेशी, आणि विभाजनाच्या वेळी त्या इजेची झालेली पक्की चूक. इजा पुसता येते. चूक दोन्ही पट्ट्यांत उतरली की कोणत्याही दुरुस्तीला ती चूक म्हणून ओळखू येत नाही.

मग चूक गाठीत शोधायची. 1982 मध्ये बॉस्टन आणि अमेरिकेतल्या इतर प्रयोगशाळांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या एका पेशीवाणात रास नावाच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले दाखवले, ग च्या जागी ट. पण अक्षर कोणी बदलले, हे अजून कळायचे होते. 1991 मध्ये ब्रॅश आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या कर्करोगातल्या पी53 या, एरवी पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या, जनुकात शेजारशेजारची दोन सायटोसिन एकदम थायमिन झालेली दाखवली. ही खूण जवळजवळ फक्त अतिनील किरणच सोडतात. त्याच वर्षी चीनच्या चीतुंग आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या यकृताच्या कर्करोगात, जिथे धान्यावरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन पोटात जाते, पी53 च्या एकाच ठिकाणी तोच तो बदल पुनःपुन्हा सापडला. 1996 मध्ये धुरातले बेंझोपायरीन पी53 वर नेमके जिथे चिकटते, त्याच जागा धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात बदललेल्या निघाल्या. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या भारतीय गटाने 2013 मध्ये हिरडी आणि गालाच्या कर्करोगाच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही पी53 ठळकपणे होतेच. खानोलकरांच्या पाहणीला पेशीच्या आतला पुरावा मिळायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला. राऊस यांची बाजू तर त्याआधीच उलटली होती. त्यांच्या गाळलेल्या रसात गाठ आणणारा विषाणू होता, आणि त्यातले कर्करोग घडवणारे जनुक कोंबडीच्याच निरोगी पेशीतून उचललेले आहे, हे बिशप आणि व्हार्मस यांनी 1976 मध्ये दाखवले होते. विषाणूचा सिद्धान्तही शेवटी पेशीच्या स्वतःच्या जनुकांपाशीच येऊन थांबला.

कोणी म्हणेल की हे सगळे उन्हाचे आणि धुराचे कर्करोग झाले. बाहेरून काही लागत नाही तिथे काय? याचे उत्तर एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोलण्यातून सुरू झालेल्या गोष्टीत आहे. 1895 मध्ये मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ अल्ड्रेड वॉर्थिन यांना ती म्हणाली की आपल्या घराण्यात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी 1913 मध्ये तिच्या घराण्याची वंशावळ छापली, ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. 1960 च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशीच घराणी शोधायला सुरुवात केली. 1993 मध्ये अशा गाठींच्या डीएनएत ठिकठिकाणी छोट्या पुनरावृत्तींची लांबी बदललेली दिसली. कर्करोगतज्ज्ञ बुचकळ्यात पडले, पण यीस्टवर काम करणाऱ्या पीट्स यांच्या गटाला ते चित्र ओळखीचे होते: नक्कल करताना पडलेल्या चुका छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारख्या वेचून काढणारी यंत्रणा बंद पडली की यीस्टमध्ये असेच होते. पॉल मॉड्रिच यांनी ती यंत्रणा जिवाणूत तोवर उलगडली होती. वर्ष संपता संपता माणसातले ते जनुक हाती आले, आणि 2000 मध्ये वॉर्थिनच्या घराण्यातही तोच बिघाड सापडला. इथे ऊन नाही, डांबर नाही. पेशी विभागताना आपसूक होणाऱ्या चुका तेवढ्या राहून गेल्या. टोमास लिंडाल यांनी दाखवले होते की आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएतून पाण्याच्या सान्निध्यानेच रोज हजारो अक्षरे गळतात. इजा अटळ आहे, हे मान्य केले की बाहेरचे आणि आतले कर्करोग यांच्यातली भिंत फार उंच राहत नाही.

सगळे आक्षेप इतक्या सहज मिटत नाहीत. 1975 मध्ये फिलाडेल्फियाच्या बिअट्रिस मिंट्झ यांनी उंदराच्या टेराटोकार्सिनोमाच्या पेशी निरोगी भ्रूणात सोडल्या आणि त्यांतून धडधाकट उंदीर जन्माला आले. कर्करोग उत्परिवर्तनामुळे असेल तर भ्रूणात तो बरा कसा झाला? पण ती गाठ भलत्या जागी रुजलेल्या भ्रूणपेशींची असते. तिच्यावरून इतर गाठींबद्दल बोलता येत नाही. 2004 मध्ये मेलानोमाच्या पेशीचे केंद्रक घेऊन उंदीर तयार केले तेव्हा ते जन्मले खरे, पण त्यांच्यात मोठ्या प्रमाणात गाठी झाल्या. केंद्रकातली चूक भ्रूणाने पुसली नव्हती. ब्रूस एम्स यांच्या चाचणीबद्दलही असेच. त्यांनी 1973 मध्ये उंदराच्या यकृताचा अर्क मिसळून, आणि मुद्दाम दुरुस्ती मोडलेले जिवाणू वापरून, रसायनांची उत्परिवर्तन घडवण्याची ताकद तपासायला सुरुवात केली. कर्करोग देणाऱ्या रसायनांपैकी सुमारे 90 टक्के चाचणीत सापडली, असा पहिला आकडा होता. मोठ्या पाहण्यांत तो खाली आला. ॲस्बेस्टॉस, काही संप्रेरके यांना ती चाचणी पकडत नाही. ही द्रव्ये पेशींना सारखे विभागायला लावून किंवा दाह टिकवून काम करतात. म्हणजे चुका होण्याच्या संधी वाढवतात. हे उत्तर मला पटते, पण त्यात थोडी सोय आहे, हेही मान्य केले पाहिजे. दाहाचे आणखी काही काम असणार. सर्वांत जड आक्षेप 2015 चा आहे. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेने पापण्यांच्या शस्त्रक्रियेत काढलेली निरोगी कातडी तपासली, तेव्हा चतुर्थांशाच्या आसपास पेशींत कर्करोगात दिसणारी उत्परिवर्तने आढळली, आणि ती माणसे निरोगी होती. उत्परिवर्तन असूनही गाठ नाही! यावरून इतकेच म्हणता येते की एक-दोन चुका पुरत नाहीत, कातडीची रचना आणि शेजारच्या पेशी बराच काळ लगाम धरतात. चूक आवश्यक आहे, पुरेशी नाही. आर्मिटेज आणि डॉल यांनी 1954 मध्येच वयानुसार वाढणाऱ्या मृत्यूंच्या आकड्यांवरून कर्करोगाला सहा-सात टप्पे लागत असावेत असा अंदाज केला होता.

हा सिद्धान्त केवळ मागे वळून पाहण्याचा नाही, हे 2005 मध्ये स्पष्ट झाले. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कर्करोगात बीआरसीए ही जनुके बिघडलेली असतात, आणि त्यांचे काम डीएनएच्या तुटलेल्या दोन्ही पट्ट्या नीट जोडणे हे आहे. लंडन आणि शेफील्डच्या दोन गटांनी विचार केला की ज्या गाठीने एक दुरुस्ती गमावलीच आहे, तिची दुसरी दुरुस्तीही औषधाने बंद केली तर? पार्प नावाचे एन्झाइम रोखणारे औषध बीआरसीए नसलेल्या पेशींना मारत होते आणि शाबूत पेशींना जवळपास सोडून देत होते. डिसेंबर 2014 मध्ये ओलापॅरिब हे असे पहिले औषध अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. पण 2008 मध्येच दोन प्रयोगशाळांना दिसून गेले होते की अशा उपचारांना दाद देणे बंद केलेल्या काही गाठींत बीआरसीए2 मध्ये दुसरे उत्परिवर्तन होऊन पहिल्या चुकीची भरपाई झाली होती. त्या पेशींनी गमावलेली दुरुस्ती परत मिळवली होती, आणि म्हणूनच त्या जगल्या होत्या.